कोणाच्या रक्ताला बातमी म्हणावयाचे?

आमच्या जालना जिल्ह्यात बाजाराच्या दिवशी कोणत्याही चहाच्या हॉटेलात घटकाभर बसावे आणि कान उघडे ठेवावे. कापसाचा भाव काय राहील याविषयी चार माणसांत चार मते निघतील. परंतु मुंबईच्या एका श्रीमंत बाईने आपल्या पोटच्या मुलीचा जीव घेतला की नाही, याविषयी मात्र सर्वांचे एकमत झालेले आढळेल. न्यायालयाचा निकाल लागो अथवा न लागो, आमच्या पारावरचा निकाल केव्हाच लागलेला असतो. हा निकाल आमच्या लोकांच्या डोक्यात कोणी घातला, त्यात कोणाचा गल्ला भरला आणि आमचे काय गेले, याचा हिशेब आज मांडावयाचा आहे.

शीना बोरा ही तरुणी २४ एप्रिल २०१२ रोजी मुंबईतून नाहीशी झाली. पुढच्याच महिन्यात रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्याच्या रानात एक जळके प्रेत सापडले. तीन वर्षे त्या प्रेताला कोणी वाली निघाला नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये एका मोटारचालकास हत्यार बाळगल्यावरून पोलिसांनी धरले, त्याच्या तोंडून या खुनाची हकीकत निघाली, आणि २५ ऑगस्ट रोजी शीनाची आई इंद्राणी मुखर्जी हिला अटक झाली. तिचा पूर्वीचा पती संजीव खन्ना दुसऱ्या दिवशी, आणि दूरचित्रवाणीच्या एका बड्या कंपनीचा माजी प्रमुख असलेला तिचा त्या वेळचा पती पीटर मुखर्जी नोव्हेंबरात पकडला गेला. दोघा मुखर्जींनी आरोप नाकारले. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला, २०१७ साली खटला उभा राहिला. साडेसहा वर्षे कैद भोगल्यावर, खटला लवकर संपण्याचे चिन्ह नाही हे पाहून, सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२२ रोजी इंद्राणी मुखर्जी हिला जामीन दिला.

हकीकत एवढीच. एका हातात मावेल इतकी. परंतु वर्तमानपत्रांनी आणि दूरचित्रवाणीवाल्यांनी हिचे काय केले? कोण कोणाची मुलगी, कोण कोणाची बहीण, कोणाचे लग्न कितवे, याचे तक्ते काढून भिंतीएवढे दाखविले. बाईने कोठडीत काय खाल्ले, कोणते कपडे घातले, ती रडली की नाही, हे रात्रंदिवस सांगितले. मेलेल्या मुलीची खासगी पत्रेसुद्धा चव्हाट्यावर आणिली. आणि २०२४ साली, न्यायालयात साक्षी चालू असतानाच, याच प्रकरणावर चित्रमालिका तयार झाली. ती थांबवावी म्हणून खुद्द तपास यंत्रणा उच्च न्यायालयात गेली. न्यायाधीशांनी ती पाहिली, खटल्यास बाधक असे तीत त्यांना काही आढळले नाही, आणि २९ फेब्रुवारी २०२४ रोजी ती घरोघर दिसू लागली. न्यायालयाने परवानगी दिली, तेव्हा कायद्याची तक्रार आम्ही करीत नाही. आमची तक्रार धंद्याची आहे. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणारे लोक पूर्वीही होते; आता त्या लोण्याचे दुकान निघाले आहे, एवढेच.

एक गोष्ट लक्षात ठेवा. तेच प्रेत, तीच हाडे, तीन वर्षे पेणच्या हद्दीत होती. तोवर ती बातमी नव्हती. तिच्यामागे श्रीमंताचे नाव लागले त्या दिवशी ती बातमी झाली. म्हणजे बातमी रक्ताची नव्हे, बातमी बंगल्याची! ज्या २०१५ सालच्या पावसाळ्यात हा तमाशा चालला होता, त्याच साली मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत हजाराहून अधिक शेतकऱ्यांनी आपला जीव आपल्या हाताने संपविला. पाऊस नव्हता, पीक नव्हते, सावकाराचा तगादा होता. त्यांच्या नातेसंबंधांचे तक्ते कोणी काढले नाहीत. सावकार कोण, व्याज किती, बँकेने कर्ज का नाकारिले, याचाही तक्ता कोणी काढला नाही.

आता दुसरी हकीकत ऐका. भंडारा जिल्ह्यात मोहाडी तालुक्यात खैरलांजी नावाचे लहानसे गाव आहे. तेथे भैयालाल भोतमांगे आपल्या कुटुंबासह राहत होते. बौद्ध कुटुंब, थोडी शेती, कष्टाची भाकरी. पत्नी सुरेखाबाई, मुलगी प्रियंका, मुलगे सुधीर व रोशन. मुले शिकत होती. त्यांच्या शेतातून रस्ता काढण्यावरून गावाशी जुना तंटा होता. सप्टेंबर २००६ मध्ये शेजारच्या धुसाळा गावच्या पोलीस पाटलाला काही लोकांनी मारिले, आणि मारणारे कोण हे सुरेखाबाईंनी पोलिसांपुढे उघड सांगितले. आरोपींना अटक झाली. २९ सप्टेंबर रोजी ते जामिनावर सुटले, आणि त्याच संध्याकाळी जमाव भोतमांग्यांच्या घरावर चालून गेला. आई, मुलगी आणि दोन मुलगे, चौघांना हाल करून मारिले व प्रेते कालव्यात टाकिली. भैयालाल एकटे वाचले.

पुढच्याच सोमवारी, २ ऑक्टोबरला, नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मदीक्षेच्या पन्नासाव्या वर्षाकरिता लाखो लोक जमले होते. खैरलांजी तेथून काही तासांच्या वाटेवर. तरीही मोठ्या पत्रांना ही बातमी पोचावयास आठवडे लागले. आणि जी थोडी छापून आली तिच्यात काय होते? सुरेखाबाईंचे वर्तन वाईट होते, म्हणून गावकरी चिडले! चार माणसे मेली त्याच्या चार ओळी, आणि त्या चार ओळींतही मेलेल्या बाईच्या लुगड्याला हात! तिने साक्ष दिली होती, तिच्या शेतातून रस्ता पाहिजे होता, तिची मुले शिकत होती, हे खरे कारण कोणाच्या लेखणीत उतरले नाही. नोव्हेंबरात नागपूर, अमरावती व इतर गावी लोक रस्त्यावर आले, लाठ्या खाल्ल्या, तेव्हा कोठे तपास केंद्रीय विभागाकडे गेला आणि तेव्हा कोठे शहरच्या बातमीदारांना खैरलांजीची वाट सापडली.

खटल्यात अकरा आरोपी होते. १५ सप्टेंबर २००८ रोजी भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांस दोषी ठरविले, तिघे सुटले. २४ सप्टेंबरला सहा जणांस फाशी व दोघांस जन्मठेप सांगितली. २४ सप्टेंबर हा सत्यशोधक समाजाच्या स्थापनेचा दिवस, हे वाचकांस सांगावयास नको. परंतु या खुनामागे जात होती, हे त्या न्यायालयाने मानिले नाही; अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झाला नाही. १४ जुलै २०१० रोजी नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून सर्वांस पंचवीस वर्षांची सक्त कैद दिली व हा सूडाचा प्रकार ठरविला. भैयालाल भोतमांगे न्यायासाठी हिंडत हिंडत २० जानेवारी २०१७ रोजी वारले. त्यांच्या दाराशी कोणी चित्रमालिका घेऊन गेले नाही.

येथवर वाचून आमचे काही शेतकरी बंधू म्हणतील, ‘पाहा, ही भटाशेठजींची पत्रे अशीच!’ थांबा. हे वाक्य अर्धे खरे आहे. छापखाना पूर्वी कोणाच्या हातात होता आणि आज दूरचित्रवाणी कोणा धनिकांच्या हातात आहे, हे या पत्राच्या वाचकांना ठाऊक आहे. परंतु खैरलांजीत ज्यांनी कुऱ्हाडी व काठ्या उचलल्या ते भट नव्हते आणि शेठजीही नव्हते. ते शेतकरी जातींचेच लोक होते. आमच्यासारखेच नांगर धरणारे, आमच्यासारखेच पावसाकडे डोळे लावणारे. जोतीरावांनी शेतकऱ्याचा आसूड लिहिला तो शेतकऱ्याच्या हाती द्यावयास, दुबळ्याच्या पाठीवर ओढावयास नव्हे. ब्राह्मणेतर चळवळीचे नाव घेणाऱ्या माणसाने हे सत्य गिळून टाकिले, तर त्याची चळवळ ही केवळ खुर्ची बदलण्याची धडपड होय. आणि ‘बाई वाईट चालीची होती’ ही थाप शहरात छापली गेली खरी, पण ती जन्मली गावातच. आणि गावोगाव ती खरी मानली गेली. पत्रकाराने ती छापण्याचा अपराध केला, आम्ही ती चघळण्याचा केला.

गरिबावर खापर फोडण्याची ही खोड इकडचीच आहे असे नाही. मे २००८ मध्ये दिल्लीजवळ नोएडा येथे आरुषी तलवार ही डॉक्टराची शाळकरी मुलगी घरात मारलेली सापडली. घरचा गडी हेमराज दिसत नव्हता. झाले! हेमराज खुनी, असा पुकारा झाला. दुसऱ्या दिवशी हेमराजचे प्रेत त्याच घराच्या गच्चीवर सापडले. ज्याला खुनी म्हटले तो स्वतःच मारला गेला होता. पुढे मुलीच्या आईबापांना २०१३ साली जन्मठेप झाली व १२ ऑक्टोबर २०१७ रोजी अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने दोघांनाही सोडून दिले. दरम्यान त्या मेलेल्या पोरीविषयी व त्या गड्याविषयी जे घाणेरडे तर्क लढविले गेले ते कोणी परत घेतले? गड्याच्या बायकोने ते कसे सोसले असतील?

कोणी विचारील, ‘मग काय खुनाच्या बातम्या छापूच नयेत?’ छापाव्यात. अवश्य छापाव्यात. खैरलांजीचे सत्य जेव्हा बाहेर आले ते गावात पायी हिंडून, भैयालालांस विचारून, पंचनामे वाचून लिहिणाऱ्या थोड्या माणसांमुळेच. त्यांना आमचा नमस्कार असो. प्रश्न छापावे की नाही हा नसून, कसे छापावे हा आहे. १८ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने नट सुशांतसिंह राजपूत याच्या मृत्यूसंबंधीच्या प्रकरणात वृत्तवाल्यांना याच गोष्टी बजावल्या: चालू तपासात आरोपीच्या किंवा बळी पडलेल्याच्या चालचलणुकीची चर्चा करून लोकांची मने बिघडवू नका, गुन्ह्याचा देखावा उभा करून दाखवू नका, पोलिसांपुढील कबुलीजबाब हा जणू पुरावाच आहे असे भासवू नका. पोलिसांपुढे दिलेला कबुली जबाब आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही, हे इंग्रजी राज्यातील १८७२ च्या पुरावा कायद्यात होते व त्याच्या जागी आलेल्या आजच्या कायद्यातही आहे. कारण उघड आहे. कोठडीत मार बसला म्हणजे माणूस न केलेलेही कबूल करितो. आणि कोठडीत मार कोणाला बसतो? बंगलेवाल्याला? तो पारध्याच्या, वडाराच्या, मजुराच्या पोराला बसतो. सबब ‘आरोपीने कबुली दिली’ असे वाचून ज्या दिवशी तुम्ही माना डोलविता, त्या दिवशी तुम्ही उद्याच्या आपल्याच पोराविरुद्ध मान डोलविलेली असते.

आता घरची गोष्ट. परक्या घरच्या खुनाचे सर्व बारकावे आमच्या पोरांना पाठ आहेत. ती वर्गात ते एकमेकांस सांगतात, हे मी शिक्षक या नात्याने रोज ऐकतो. परंतु आपल्याच गल्लीतील सून विहिरीत पडली म्हणजे ‘पाय घसरला’, आणि जळाली म्हणजे ‘भडका उडाला’, असे म्हणून सारा गाव गप्प बसतो. लग्नाच्या सात वर्षांच्या आत हुंड्याच्या छळाने बाई मेली तर त्यास हुंडाबळी मानणारा कायदा १९८६ पासून आहे. कायदा आहे, पण साक्ष कोण देणार? मुंबईच्या बाईला फाशी द्या म्हणून पारावर ओरडणारी जीभ, शेजारच्या ओसरीवर काय ऐकले हे सांगण्याची वेळ आली म्हणजे टाळ्याला चिकटते.

म्हणून शेतकरी व कारागीर बंधूंनो, मायबहिणींनो, यापुढे खुनाची कोणतीही बातमी वाचाल किंवा मोबाईलवर पाहाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. हे सांगणारा कोण, पोलीस, शेजारी की न्यायालय? हे साक्षीदाराच्या उलटतपासणीत टिकले आहे काय? आणि तिसरा प्रश्न सर्वांत मोठा: यात बाईच्या चालीबद्दल पुष्कळ आणि जमिनीबद्दल, पैशाबद्दल, जातीबद्दल काहीच कसे नाही? जेथे चालीची चर्चा फार, तेथे खरे कारण दडविलेले आहे असे समजा. खटला लागला की निकालापर्यंत थांबा. निकाल लागला की तो मराठीत करून मागा आणि चावडीवर मोठ्याने वाचा. शाळेतल्या आम्हा मास्तरांना हे काम सांगा, आम्ही करू.

आणि आपली पत्रे जगवा. मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून नेवासे तालुक्यातील खेड्यात बसून ‘दीनमित्र’ चालविला. त्या वेळी खेड्यात ना वीज होती ना रस्ता. आज दोन्ही आहेत, आणि प्रत्येकाच्या खिशात यंत्र आहे. परंतु त्यातून आम्ही काय पाहतो, तर दुसऱ्याच्या घरचे मढे. तेच यंत्र हातात धरून गावच्या रेशन दुकानाचे माप, सावकाराची वही, सुनेच्या अंगावरचे वळ यांची नोंद करा व पत्राकडे पाठवा.

सुरेखाबाई भोतमांगे फार शिकलेल्या नव्हत्या. दुसऱ्याला मारताना पाहिले ते त्यांनी जाऊन सांगितले, इतकेच. गावात पाहणारे पुष्कळ होते. सांगणारी ती एक होती. गावात दहा सांगणारे असते, तर एकटीच्या दारावर चालून जाण्याची कोणाची छाती झाली नसती. आपापल्या गावात असे दहा जण उभे करणे हेच या घटकेचे काम होय.