हात न पोहोचणारा बिंदू

शेताच्या बांधावरून वाद झाला की मोजणीदार आधी खुणेचा दगड शोधतो. दगडच सरकलेला असेल तर पुढची सगळी मोजणी चुकते. जी गोष्ट शेताची, तीच साऱ्या पृथ्वीची.

आपल्या समुद्रपूरच्या शेजारी, हिंगणघाटला, विल्यम लॅम्बटन यांची कबर आहे. १८०२ साली मद्रासजवळून त्यांनी हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली आणि २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे ते वारले. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ते काम नेटाने चालवले. त्या कामातली नाजूक कोनमापक यंत्रे दुरुस्त करणारे कारागीर होते अर्काटचे सय्यद मीर मोहसिन हुसेन. त्यांच्या हुनराची एव्हरेस्ट यांनी तारीफ केली आणि पुढे ते सरकारी यंत्रकार झाले. मोजमाप हा आपल्या घराला परका विषय नाही, हे मुलांना आवर्जून सांगावे.

आज पृथ्वीच्या खुणेचा दगड म्हणजे रेडिओ दुर्बीण. निरनिराळ्या खंडांतल्या दुर्बिणी अतिदूरच्या क्वेसारच्या लहरी एकाच वेळी टिपतात. लहर कोणत्या दुर्बिणीला क्षणाच्या किती लहान अंशाने आधी पोहोचली, यावरून हजारो किलोमीटरचे अंतर काही मिलिमीटरच्या फरकाने निघते. पण हे अंतर दुर्बिणीच्या कोणत्या जागेपासून धरायचे? तबकडी तर सारखी फिरते. एका आसाभोवती ती डावी-उजवीकडे वळते, दुसऱ्या आसाभोवती वर-खाली होते. या दोन आसांचा जिथे मेळ बसतो, तो बिंदू मात्र तबकडी कशीही फिरली तरी जागचा हलत नाही. तोच खुणेचा बिंदू. अडचण एवढीच की तो बहुधा लोखंडी सांगाड्याच्या आत असतो. तिथे ना हात पोहोचतो, ना खूण करता येते.

मग युक्ती अशी करतात. तबकडीवर छोटे आरसेवजा प्रिझम बसवतात. जमिनीवरील पक्क्या खांबांवर टोटल स्टेशन ठेवतात. आपल्याकडे जमीनमोजणीला येते, त्याच जातीचे, पण स्वतःहून वळणारे. तबकडी फिरते, यंत्र प्रिझम शोधते, कोन आणि अंतर नोंदवते. प्रत्येक प्रिझम हवेत वर्तुळाचा भाग आखतो आणि त्या वर्तुळांवरून गणिताने आस व बिंदू सापडतात. पूर्वी यासाठी दुर्बिणीचे काम थांबवावे लागे. स्वीडनच्या ओन्साला वेधशाळेत दुर्बीण आपले काम करत असतानाच ही मोजणी आपोआप झाली आणि चूक एका मिलिमीटरहूनही कमी निघाली.

एवढी काटेकोरी कशाला? समुद्राची पातळी दरवर्षी तीन-चार मिलिमीटरने वाढते आहे. खुणेच्या बिंदूतच तेवढी चूक राहिली, तर समुद्र चढला की मोजणी चुकली, हे कसे ओळखणार? रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावर आपल्या कितीतरी भाऊबंदांची घरे आहेत. त्यांच्या नातवंडांचा प्रश्न या मिलिमीटरांत आहे.

आपल्या महाराष्ट्रात जुन्नर तालुक्यातील खोडदला गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली मोठी रेडिओ दुर्बीण उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. तिचे काम आकाश पाहण्याचे. पण प्रत्येक तबकडीची जागा नेमकी ठाऊक नसेल, तर तिलाही चित्र धूसर दिसेल.

या महिन्याचा घरचा अभ्यास सोपा आहे. कागदावर ताट पालथे घालून कड गिरवा. कडेवर तीन खुणा करा. पहिली दुसरीला आणि दुसरी तिसरीला रेषेने जोडा. दोन्ही रेषांचे लंबदुभाजक काढा. ते जिथे छेदतील, तो मध्यबिंदू. मध्याला हात न लावता मध्य सापडतो, हे मुलांना स्वतः पाहू द्या. मुलीला भाकरी थापायला उठवण्याआधी तिचा कंपास पूर्ण होऊ द्या. हुनर कोणाच्या हातात आहे, हे कंपास हाती दिल्याशिवाय कळत नाही.