पायरी नको, उतार हवा



गेल्या उन्हाळ्यात एका कुटुंबाबरोबर आम्ही दोन दिवस कोकणात समुद्राकाठी राहून आलो. घरधनी झाडावरून पडल्यापासून कमरेखाली लुळे. चाकाची खुर्ची हेच त्यांचे पाय. भाड्याची खोली ठरविताना "खुर्चीची सोय आहे" असे सांगितले होते. पाहतो तो दारात तीन पायऱ्या आणि न्हाणीचे दार खुर्चीपेक्षा अरुंद! चौघांनी उचलून त्यांना आत नेले.

रात्री त्यांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, "फादर, सकाळपासून ह्यांनी घोटभरच पाणी घेतलंय." पाणी प्यावे तर संडासला जावे लागणार, आणि त्यासाठी पुन्हा चौघांना हाका माराव्या लागणार. म्हणून तहानच मारायची!

मणक्याला इजा झालेल्याने असे करणे धोक्याचे आहे. पाणी कमी पडले की लघवीत जंतुसंसर्ग होतो, खडे धरतात. म्हणजे त्या तीन पायऱ्यांनी केवळ गैरसोय केली नाही, आरोग्यावरच घाला घातला.

आता आपल्याकडेही जांबोटी, चोर्ला, आंबोलीच्या वाटेवर पाहुण्यांसाठी खोल्या उभ्या राहत आहेत. शेतीला जोडधंदा म्हणून हे चांगलेच आहे. पण त्यांतील एक तरी खोली खुर्चीवरच्या माणसाची असावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल, "अशी माणसे येतात किती?" अहो, पायऱ्या असल्यावर येतील कशी? आणि गुडघे धरलेली आजी, पोटुशी लेक, पाय मोडलेला मुलगा यांनाही तीच खोली सोयीची. आपण ट्रॅक्टरच्या शेडला उतार ठेवतो, गोठ्याला उतार ठेवतो. माणसाच्या दाराशी मात्र पायऱ्या बांधतो!

मापे सोपी आहेत. जोते 1 फूट उंच असेल तर उतार 12 फूट लांब हवा. पावसात घसरू नये म्हणून त्यावर खरखरीत गिलावा करावा व कठडा बसवावा. दार 3 फूट मोकळे, उंबरठा नाही. न्हाणीत खुर्ची वळण्यास 5 फूट जागा, खुर्चीइतक्या उंचीचे कमोडचे भांडे आणि भिंतीत पक्का धरदांडा. बांधतानाच केले तर खर्च थोडा. मागाहून फोडाफोड महाग पडते.

हे स्वप्नरंजन नव्हे. निपाणीपासून जवळच्या कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी, स्वतः चाकाच्या खुर्चीवर असताना, 1984 साली 'हेल्पर्स ऑफ दि हॅन्डिकॅप्ड' ही संस्था काढली. पुढे सिंधुदुर्गात 'स्वप्ननगरी' उभी राहिली आणि अपंग माणसे तेथे काजूप्रक्रियेचे काम करू लागली. जागा त्यांच्या मापाची झाली, म्हणून हात कामाला लागले. 2016 च्या कायद्यानेही सार्वजनिक इमारती अपंगांना वापरता येतील अशा करण्याचे बंधन घातले आहे. पण कायद्याचा बडगा येईपर्यंत आपण का थांबावे?

खोली बांधणाऱ्यांना एकच विनंती. कुणाची तरी खुर्ची मागून आणा, तीत स्वतः बसा आणि फाटकापासून संडासापर्यंत एकट्याने जाऊन पाहा. जेथे अडाल तेथे गवंड्याला बोलवा. आणि सोय नसेल तर "नाही" असे सरळ सांगा. खोट्या "हो"पेक्षा खरे "नाही" बरे. निदान पाहुणा तहानलेला तरी राहणार नाही.