नकाशातली अक्षरेही नकाशाच असतात

संगणकावर नकाशे काढायला शिकणाऱ्या मुलांना रेघ, वर्तुळ, हॅच सगळे मन लावून शिकवले जाते. त्यावर लिहायचे कसे, हे मात्र शेवटच्या तासाला उरकले जाते. आमच्या शाळेतून आयटीआयच्या ड्राफ्ट्समन ट्रेडला गेलेली मुले कधीकधी आपले नकाशे दाखवायला आणतात. मापे बरोबर, भिंती सुबक. पण 'कॉलम' हा शब्द हॅचच्या तिरप्या रेघांत बुडालेला. मी भाषा शिकवतो. उत्तरपत्रिकेत वाचता न येणाऱ्या शब्दाला गुण नसतात. नकाशालाही हाच नियम हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

उपाय अवघड नाही. ऑटोकॅडमध्ये एमटेक्स्टला 'बॅकग्राउंड मास्क' देता येतो. अक्षरांमागे कागदाच्या रंगाची पट्टी येते आणि खालच्या रेघा झाकल्या जातात. बाणाच्या टोकाला लिहिलेल्या सूचनेलाही, म्हणजे मल्टीलीडरच्या मजकुरालाही, तो चालतो. पट्टी किती रुंद हवी याचा आकडा १ ते ५ असतो. १ दिला तर ती अक्षरांना चिकटते, १.५ दिला तर भोवती अक्षराच्या उंचीच्या निम्मी जागा सुटते. मास्क देऊनही रेघा वर दिसत असतील, तर त्या क्रमाने अक्षरांच्या वर आहेत. 'टेक्स्टटूफ्रंट' या कमांडने अक्षरे वर आणावीत, किंवा 'हॅचटूबॅक'ने हॅच मागे सारावे.

पण मास्क हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. पट्टीखाली एखादी सळई किंवा पाइप झाकला गेला, तर वाचता येणारा नकाशाच खोटे बोलू लागतो. आधी मोकळी जागा शोधावी, शब्द तिथे ठेवावा आणि तिथून बाण न्यावा. बाणाची रेघ हॅचच्या रेघांना समांतर नसावी, नाहीतर ती त्यांच्यातच हरवते. वस्तूच्या कडेवर टेकायचे असेल तर टोकाला बाण, वस्तूच्या आत थांबायचे असेल तर ठिपका, हा संकेतही पाळावा.

नकाशात मराठी किंवा उर्दू लिहायचे असेल, तर आणखी जपावे लागते. देवनागरीची शिरोरेखा नकाशातल्या आडव्या रेघेवर पडली की दोन्ही एक होतात. वेलांटी वर जाते, उकार खाली उतरतो. त्यांना जागा लागते. काँक्रीटच्या हॅचमध्ये ठिपके असतात. त्यात अनुस्वार मिसळला की 'भांडे' आणि 'भाडे' ओळखायचे कसे? उर्दूत तर 'खुदा' आणि 'जुदा' यांत फरक एका नुक्त्याच्या जागेचाच. ज्या लिपीत ठिपक्याने अर्थ बदलतो, तिला ठिपक्यांच्या गर्दीत लिहू नये.

पडद्यावर रंग मदत करतात. काळ्या पार्श्वभूमीवर पिवळे हॅच आणि पांढरी अक्षरे वेगळी दिसतात. एकरंगी छपाईत दोन्ही काळी होतात. साइटवर जाते ती बहुधा त्याचीही झेरॉक्स. ती हातात धरून मिस्त्री सळई मोजतो. १० मिमीचा आकडा त्याला १६ वाटला तर पैसा वाया जातो. १६चा १० वाटला तर धोका त्या छताखाली राहणाऱ्यांना.

म्हणून मास्तरांना एक विनंती. नकाशा पडद्यावर तपासून गुण देऊ नका. १:१०० प्रमाणात छापा. कागदावर अक्षर २.५ मिमी हवे असेल, तर मॉडेलमध्ये ते २५० मिमी ठेवले आहे का, ते पाहा. मग ज्याने तो काढलेला नाही अशा मुलाला मोठ्याने वाचायला लावा. जिथे तो अडखळेल, तिथे नकाशा अजून पुरा व्हायचा आहे.