चित्रकलेचा तास

‘आमच्या मुलाच्या हातांत चित्रकलाच नाहीं,’ असें पालक सांगतात तेव्हां आम्हांस नवल वाटतें. गणित येत नसलें तर तेच पालक शिकवणी लावतात. अक्षर वाईट असलें तर कित्ता गिरवावयास देतात. मग चित्रापुरतीच सारी भिस्त दैवावर कां?

कोणत्याहि मुलास चित्र काढावयास सांगावें. दोन त्रिकोणी डोंगर, मध्यें सूर्य, खालीं नदी, कांठीं झोपडी आणि एक नारळाचें झाड! देशावरचा जो मुलगा नारळीखालीं कधीं उभा राहिला नाहीं तोहि हेंच काढतो. आमच्या मतें हें चित्र नव्हे, पाठ झालेलें अक्षर आहे. तें विसरावयास लावणें हा पहिला धडा होय.

दुसरा धडा तांब्याचा. नवशिक्या विद्यार्थी तांब्याचें तोंड वाटोळें काढतो आणि बूड सरळ रेघेनें कापतो; कारण तोंड वाटोळें असतें व बूड जमिनीवर टेकतें हें त्याला ठाऊक असतें. वास्तविक बाकावर बसून पाहिल्यास तोंड लंबवर्तुळाकार दिसतें, आणि बुडाची कड दृष्टिरेषेच्या अधिक खालीं असल्यामुळें तोंडापेक्षां अधिक गोलाईनें वळते. हात लांब करावा, एक डोळा मिटावा, पेन्सिलीवर आंगठा सरकवून उंची व रुंदी ताडून पाहावी. सहा तांबे काढून झाले कीं सातवा बहुधा उभा राहतो. ह्यांत देणगीचा प्रश्न आला कोठें? सराव संपल्यावर देणगीचा विचार करूं.

महाराष्ट्राच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षांतहि वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असे विषय आहेत, आणि ही योजना आम्हांस पसंत आहे. मात्र शालान्त परीक्षेंतील जादा गुणांसाठीं स्मरणचित्राच्या ठराविक आकृति घोकून घेतल्या जातात हें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. बाजार असो वा बसथांबा, टोपलीवाली बाई तीच! स्मरण म्हणजे स्वतः पाहिलेल्याचें स्मरण; दुसऱ्यानें काढलेल्याचें नव्हे.

नक्कल सर्वथैव वाईट, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. 1857 सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनीं ग्रिफिथ्स ह्यांच्या देखरेखीखालीं 1872 ते 1885 ह्या काळांत अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृति केल्या. तीहि नक्कलच, पण लेण्यांत भिंतीसमोर उभें राहून, एकेक वळण निरखून केलेली. भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील तयार चित्र उतरविणाऱ्यास त्यांतलें काय लाभणार?

दहावीचें वर्ष लागलें कीं अनेक शाळांत पहिली कुऱ्हाड चित्रकलेच्या तासावर पडते, व पालकहि त्यास संमति देतात. पण वनस्पतीच्या भागांची किंवा हृदयाची आकृति काढतांना हाच हात लागतो, भूमितींतहि तोच. आठवड्याचा एक तास राखल्यानें गणित बुडतें असें आम्हांस वाटत नाहीं.

पालकांनीं महागड्या रंगपेट्या घेऊं नयेत. एक टूबी पेन्सिल, पाठकोरे कागद आणि रोज अर्धा तास एवढें सध्यां पुरे. वस्तु स्वयंपाकघरांत हव्या तितक्या आहेत. फक्त वांगें चिरण्यापूर्वीं मुलाच्या हवालीं करावें.