निवेदकाची हकालपट्टी

काही महिन्यांपूर्वी प्राध्यापकांच्या एका उजळणी वर्गात जॉर्ज ऑर्वेलच्या 'अ‍ॅनिमल फार्म'वर सत्र होते. वक्त्यांनी पुस्तक उघडलेच नाही. पूर्ण नटसंचात सादर झालेले एक नभोनाट्य त्यांनी ऐकवले आणि ते संपल्यावर 'झाली कादंबरी, आता चर्चा करू' असे जाहीर केले. कोणालाही त्यात काही खटकले नाही. 'मुले वाचत नाहीत, निदान ऐकतील तरी' या त्यांच्या समारोपाच्या वाक्यावर टाळ्याही पडल्या. प्रस्तुत लेख त्या टाळ्यांच्या विरोधात आहे.

आक्षेप श्राव्य माध्यमाला नाही. ज्या भाषेची वाङ्मयपरंपरा कीर्तनाच्या आणि प्रवचनाच्या श्रोत्यांनी जोपासली, त्या भाषेतल्या माणसाने ऐकण्याला वाचनापेक्षा कनिष्ठ लेखण्याचा करंटेपणा करू नये. आक्षेप आहे तो उपरोधप्रधान कादंबरीची संहिता पात्रापात्रांत वाटून देण्याला आणि त्या वाटपालाच कादंबरी म्हणण्याला. कारण या वाटपात एकाच्या वाट्याला काही येत नाही, आणि तो असतो निवेदक.

'अ‍ॅनिमल फार्म' ऑगस्ट १९४५ मध्ये प्रसिद्ध झाली. मुखपृष्ठावर लेखकाने तिला परीकथा म्हटले होते. हे उपशीर्षक गंमत म्हणून दिलेले नाही, ती निवेदनाची प्रतिज्ञा आहे. लहान मुलांना गोष्ट सांगावी तशा निर्विकार, साध्या स्वरात हा निवेदक घडलेले सांगत जातो. तो रागावत नाही, डोळा मारत नाही, निष्कर्ष काढत नाही. प्राण्यांना जेवढे दिसते तेवढेच तो सांगतो. जे त्यांना दिसत नाही ते आपल्याला दिसावे, एवढी जागा मात्र तो मोकळी ठेवतो. या कादंबरीतला उपरोध त्या मोकळ्या जागेत राहतो.

क्रांतीच्या पहिल्याच दिवशी काढलेल्या दुधाचा प्रसंग घ्या. नेपोलियन बादल्यांसमोर उभा राहून सगळ्यांना कापणीला पाठवतो. संध्याकाळी परतल्यावर दूध नाहीसे झाल्याचे ध्यानात येते. ते कोणी घेतले, हे निवेदक तिथे सांगत नाही. त्या वाक्यात चोरीला कर्ता नाही. मराठीच्या अध्यापकांना तरी प्रयोगविचाराचे महत्त्व सांगावे लागू नये! सत्तेचा पहिला अपहार कर्ता लपवणाऱ्या एका वाक्यरचनेत उरकला जातो आणि प्राण्यांप्रमाणेच वाचकही पुढच्या प्रकरणाकडे वळतो. ऑर्वेलने डिसेंबर १९४६ मध्ये अमेरिकन समीक्षक ड्वाइट मॅकडोनाल्ड यांना लिहिलेल्या पत्रात दूध आणि सफरचंदे डुकरांनी स्वतःकडे ठेवली, तोच कथेचा निर्णायक क्षण असल्याचे स्पष्ट केले होते. इतर प्राणी त्याच वेळी ठामपणे उभे राहिले असते तर पुढचे टळले असते, असे त्याचे म्हणणे.

आता हा क्षण नभोनाट्यात कसा आणणार? ही अडचण खुद्द ऑर्वेलपुढेच उभी राहिली होती. तो नभोवाणीला नवखा नव्हता. १९४१ ते १९४३ या काळात तो बीबीसीच्या पूर्व विभागात होता. त्याने इंग्रजीत लिहिलेली वार्तापत्रे मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ या भाषांत अनुवादित होऊन प्रक्षेपित होत. वेणू चितळे तिथे त्याच्या सहकारी होत्या. कथांची नभोनाट्य रूपांतरेही त्याने तेव्हा केली होती. अशा अनुभवी माणसाने 'अ‍ॅनिमल फार्म'चे रूपांतर स्वतः केले आणि ते जानेवारी १९४७ मध्ये बीबीसीच्या थर्ड प्रोग्रॅमवर प्रक्षेपित झाले. त्या संहितेत त्याने क्लोव्हर, मॉली, म्युरिएल आणि एक गाय यांच्या तोंडी चार छोटी वाक्ये नव्याने घातली. सफरचंदे डुकरांनी घेणे योग्य आहे का, आपल्याला मिळणार नाहीत का, अशा आशयाची. निर्माते रेनर हेपेनस्टॉल यांनी ती काटली.

ही काटछाट हा अन्यायच होता. पण त्याआधीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ही वाक्ये लिहावी का लागली? पुस्तकात सफरचंदांवरून काही प्राणी कुरकुरतात, एवढेच निवेदक एका ओळीत नोंदवतो आणि पुढे जातो. त्या कुरकुरीला नाव नाही, शब्द नाहीत, म्हणूनच ती विरून जाते. नाटकात मात्र कोणीतरी बोलल्याशिवाय काहीच घडत नाही. वाक्ये ठेवावीत तर प्राणी पुस्तकातल्यापेक्षा धीट होतात. काटावीत तर निर्णायक क्षणच निसटतो. लेखकाला जे साधले नाही ते त्याच्या मागून येणाऱ्या रूपांतरकारांना साधेल, या भ्रमात कोणी राहू नये.

ऑर्वेलला स्वतःला याची जाणीव होती. प्रक्षेपणानंतर काही दिवसांनी हेपेनस्टॉल यांना लिहिलेल्या पत्रात, निवेदन जास्त झाले हे त्याने मान्य केले नाही. निवेदकाला घालवायची सर्वांना घाई असते, पण त्याला घालवले की काय चालले आहे हे कळवण्यासाठी नाना खटपटी कराव्या लागतात, असे त्याचे मत होते. म्हणजे पूर्ण नटसंचाच्या हौसेविरुद्ध पहिली साक्ष लेखकाचीच आहे.

त्याच संहितेवरून बीबीसी रेडिओ ४ ने २०१३ मध्ये नवे नभोनाट्य केले. त्यात निवेदन टॅम्सिन ग्रेग यांचे आहे आणि स्क्वीलर टोबी जोन्स यांनी केला आहे. नट कसलेले आहेत, याविषयी वाद नाही. किंबहुना नट जितका कसलेला तितकी हानी मोठी. स्क्वीलरचे युक्तिवाद पुस्तकात आपण वाचतो तेव्हा ते क्षणभर पटतात, आणि पटल्याची लाज नंतर वाटते. तेच युक्तिवाद लबाड आवाजात ऐकले की लबाडी आधी कळते, युक्तिवाद नंतर. आवाजच निकाल देऊन मोकळा होतो, आणि श्रोत्याला फसण्याची संधीच मिळत नाही. फसलेपणाचा अनुभव वगळला तर उपरोधप्रधान कादंबरीत उरते काय? 'डुकरे वाईट' एवढेच तात्पर्य!

आणि शेवट? खिडकीबाहेरच्या प्राण्यांना आतली डुकरे आणि माणसे वेगळी ओळखू येईनाशी होतात. आत भांडणारे बारा आवाज एकसारखे झालेले असतात. पूर्ण नटसंच म्हणजे प्रत्येक पात्राला वेगळा, ओळखू येणारा आवाज. ज्या कलाकृतीचा कळस आवाजांमधला भेद नाहीसा होण्यात आहे, तिची उभारणी आवाजांच्या भेदावर करायची, यातली विसंगती कोणाच्याच लक्षात येऊ नये?

हा सोस आता वाढतोच आहे. २०२४ मध्ये ऑडिबलने ऑर्वेलच्याच '१९८४'चे नामवंत नटांना घेऊन ध्वनिनाट्य केले. त्यात बिग ब्रदरला टॉम हार्डी यांचा आवाज आहे. कादंबरीत, द्वेषाच्या त्या दोन मिनिटांच्या अखेरीस तो पडद्यावर बोलतो तेव्हा तो काय म्हणाला हे कोणालाच ऐकू येत नाही. ते ऐकू न येणे हेच त्या सत्तेचे स्वरूप आहे.

कोणी म्हणेल, मग ऐकवायचेच नाही का? जरूर ऐकवावे, पण एका आवाजात. 'बटाट्याची चाळ' पु. ल. देशपांडे एकटे सादर करत. सारी चाळ त्या एका आवाजातून बोलायची आणि सांगणारा कधीच हरवत नसे. आपल्यापुढे हे उदाहरण असताना नटांच्या यादीने आपण दिपून का जावे?

तौलनिक साहित्याच्या तासाला मी दुधाचा तो प्रसंग स्वतः वाचतो. सपाट स्वरात, न थांबता. वर्ग ऐकतो आणि माझ्याबरोबर पुढे जातो. दोन-तीन पानांनंतर एखादी मुलगी मागच्या बाकावरून विचारते, 'सर, पण ते दूध कोणी घेतलं?' मी उत्तर देत नाही. इतका वेळ आपण हे का विचारले नाही, हे वर्गाच्या ध्यानात येते आणि सगळे गप्प होतात. कादंबरी तिथे सुरू होते. उजळणी वर्गातल्या त्या सभागृहात ही शांतता एकदाही पसरली नाही. तिथे टाळ्या पडल्या.