पगाराची कुळकथा

बँकेच्या नोकरीत मी जन्मभर पगार वाटले. पण हा शब्द मूळचा आपला नव्हे, हे फार उशिरा कळले. तो पोर्तुगीजांबरोबर आला. पोर्तुगीज आणि स्पॅनिश, दोन्ही भाषांत 'पगार' हे क्रियापद आहे. अर्थ, पैसे चुकते करणे. त्याचे मूळ लॅटिन 'पाकारे', म्हणजे शांत करणे. आणि त्याच्याही मागे 'पाक्स', म्हणजे शांतता. इंग्रजीतले 'पे' आणि 'पीस' याच कुळातले. घेणेकऱ्याला शांत केले, की व्यवहार मिटला! आपणही देणे भागवतो आणि भूकही भागवतोच की.

आमच्या कड्याच्या परिसरातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजूर कारखान्यांकडे निघतात. त्यांच्या वाट्याला पगार नाही, उचल आहे. मुकादमाकडून ती आधी घ्यायची आणि नवरा-बायकोने मिळून, 'एक कोयता' म्हणून, हंगामभर राबून फेडायची. फिटली नाही, तर बाकी पुढच्या सालावर. इथे पैसे आधी मिळतात, शांतता मात्र मिळत नाही. घामाचा दाम वेळेवर आणि पुरता त्यांच्या हाती पडेल, तेव्हाच त्याला पगार म्हणावे.