नदीवरचा पाळणा

२८ एप्रिल १९९२. अलास्कातल्या स्टॅम्पीड ट्रेलच्या तोंडाशी जिम गॅलियन नावाच्या इलेक्ट्रिशियनने आपल्या ट्रकमधून एका पोराला उतरवलं. पाठीवर सॅक, तीत साडेचार किलोच्या आसपास तांदूळ, हातात ससे-खारी मारण्यापुरती बंदूक. आजूबाजूला अजून बर्फ होता. गॅलियनला राहवलं नाही. त्याने आपले रबरी बूट दिले, दुपारच्या खाण्यासाठी आणलेली सँडविचही दिली आणि जिवंत बाहेर आलास तर फोन कर, म्हणून सांगितलं.

पोराने नाव फक्त अ‍ॅलेक्स एवढंच सांगितलं होतं. खरं नाव ख्रिस मॅकॅन्डलेस, वय २४. वडील एरोस्पेस इंजिनिअर, घर सुखवस्तू. १९९०मध्ये एमरी विद्यापीठाची पदवी हातात पडताच त्याने खात्यावरचे सुमारे २४ हजार डॉलर ऑक्सफॅमला देऊन टाकले आणि कुणालाही न सांगता घरावर तुळशीपत्र ठेवलं. अचानक आलेल्या पुरात गाडी अडकली, तेव्हा ती वाळवंटातच सोडली आणि खिशातल्या नोटा जाळल्या. स्वतःचं बारसंही त्याने स्वतःच केलं : अलेक्झांडर सुपरट्रॅम्प.

जॉन क्राकाउरचं ‘इन टू द वाइल्ड’ हे पुस्तक १९९६मध्ये आलं, २००७मध्ये शॉन पेनचा चित्रपट आला आणि ख्रिस जगभरच्या तरुणांचा नायक झाला. अलास्कातले बरेच लोक मात्र त्याला अडाणी आणि उद्धट ठरवून मोकळे झाले. दोन्ही बाजू एकच गोष्ट गृहीत धरतात, की तो एकटा गेला. तसं कुणी जातं का?

स्टॅम्पीड ट्रेलवरच्या ज्या बसमध्ये तो राहिला ती फेअरबँक्सच्या शहर वाहतुकीची, नंबर १४२. रस्त्याच्या कामावरच्या मजुरांना राहण्यासाठी ती १९६१मध्ये तिथे ओढत नेली आणि नंतर तिथेच टाकून दिली. आत चूल होती, झोपायला जागा होती. समाज सोडून निघालेल्या माणसाला निवारा मिळाला तो आपल्याकडच्या एसटीची बहीण शोभेल अशा गाडीत! त्याच्याजवळ खाण्याजोग्या वनस्पतींचं एक पुस्तक होतं. त्यातली माहिती डेनाइना या अलास्कातल्या मूळ रहिवाशांची, पिढ्यान् पिढ्या जपलेली. तो ज्याला निर्मनुष्य रान समजत होता, त्या मुलखाची पानंमुळं कुणीतरी आधीच चाखून पाहिली होती.

ख्रिस त्या रानातच मेला, पण पैसे जाळले म्हणून नाही. तो अडला नकाशापाशी.

जुलैच्या सुरुवातीला त्याने बसमधला मुक्काम हलवला. माणसांत परतायचं ठरलं होतं. पण एप्रिलमध्ये सहज ओलांडलेली तेकलानिका नदी आता बर्फ वितळून दुथडी भरून वाहत होती. तो मागे फिरला. तिथून मैलभराच्या आतच, प्रवाहाच्या खालच्या अंगाला, पाणी मोजणाऱ्यांनी नदीवर पोलादी दोर ताणून ठेवला होता आणि त्याला हाताने ओढायचा पाळणा होता. तपशिलवार नकाशा जवळ असता तर तो सापडला असता. नकाशाच घ्यायचा नाही, हा त्याचा हट्ट होता. कोऱ्या प्रदेशात जायचं होतं ना!

त्याआधी जूनमध्ये त्याने मूस मारला होता. हरणाच्या कुळातलं हे घोड्याएवढं धूड. मांस टिकवण्यासाठी त्याने धुरी दिली, कारण साउथ डकोटातल्या शिकाऱ्यांनी तसं सांगितलं होतं. अलास्कात पातळ पट्ट्या कापून वाऱ्यावर वाळवतात. मांसात अळ्या पडल्या आणि आपण हा जीव उगाच घेतला, ही हळहळ त्याने वहीत नोंदवली.

जुलैअखेरीस त्याने आपल्या अशक्तपणाचं खापर रानबटाट्याच्या बियांवर फोडलं. पुस्तकात मुळांबद्दल होतं, बियांबद्दल अवाक्षर नव्हतं. क्राकाउरने २०१३मध्ये एक तर्क उचलून धरला, की या बियांत आपल्या लाखोळी डाळीतलंच विष असावं. पूर्व विदर्भात धानाच्या बांधीत होणारी ही डाळ. नुसतीच खात राहिलं तर पाय लुळे पडतात. पुढच्या तपासणीत ते विष निघालं नाही, कॅनाव्हनिन हे दुसरंच निघालं, आणि वाद चालूच राहिला.

रिचर्ड प्रोएनेकेही अलास्कातल्या रानातच एकटा राहिला. १९६८मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, ट्विन लेक्सच्या काठी त्याने हाताने लाकडी घर बांधलं आणि तीसेक वर्षं तिथे काढली. पण तो मुळात कसबी सुतार-मेकॅनिक, आणि छोट्या विमानाचा पायलट मित्र त्याला सामानसुमान व टपाल आणून देई. ज्याच्या ‘वॉल्डन’ची ओळख दुर्गाबाई भागवतांनी मराठीला करून दिली त्या थोरोची झोपडी मित्राच्या जागेवर होती आणि कुऱ्हाड उसनी. यात लबाडी कसली? दोघांनाही आपण कुणाच्या जिवावर राहतो आहोत हे ठाऊक होतं.

ख्रिसच्या पावलांवर पाऊल टाकणाऱ्यांना ते कळलं नाही. त्या बसच्या वाटेवर २०१० आणि २०१९मध्ये दोन तरुणी तेकलानिकात बुडाल्या. अखेर १८ जून २०२० रोजी नॅशनल गार्डच्या चिनूक हेलिकॉप्टरने बस उचलून नेली.

बसमध्ये ख्रिसची मदतीची याचना करणारी चिठ्ठी सापडली होती, गोगोलच्या पुस्तकातलं पान फाडून लिहिलेली. मी एकटा आहे, थांबा, मला वाचवा, अशा आशयाची. खाली सुपरट्रॅम्प नव्हतं. आईबापांनी ठेवलेलं नाव होतं, आडनावासकट.